देवनागरी लोगोची शिरोरेषा बिल्ल्यावरही टिकवताना

आमच्या शेवटच्या वर्षाच्या कला प्रदर्शनाचा लोगो देवनागरीतच हवा, यावर मी ठाम होते. इलस्ट्रेटर या चित्र-आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव टाइप केलं आणि जोडाक्षरं फुटली, ऱ्हस्व वेलांटी भलतीकडेच. फॉन्ट बदलून काही होईना. शेवटी प्रेफरन्सेसमध्ये 'टाइप'खाली इंडिक ऑप्शन्स सुरू केले, पॅराग्राफ पॅनलमधून साउथ एशियन कंपोझर (भारतीय लिप्यांची अक्षरं नीट जुळवणारा पर्याय) निवडला आणि अक्षरं लगेच जुळली. फॉन्ट घेतला मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा 'मुक्ता': मोफत आहे, आणि बारीक ते ठळक अशी 7 वजनं (जाडीचे प्रकार) मिळतात.

खरी कसोटी बिल्ल्यावर लागली. फ्लेक्सवर देखणी दिसणारी बारीक शिरोरेषा तिथे गायबच! म्हणून लहान आकारासाठी वेगळा लोगो काढला. रेषा जाड, 'स' आणि 'थ'च्या पोटातली जागा मोकळी, नावाखालची छोटी ओळ काढून टाकली. माझ्या मते हाच जास्त चांगला उतरला.

पडद्यावरचा झगझगीत केशरी सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, मळतो, तेव्हा रंग छापील नमुना पाहूनच ठरवला. फाइल देताना अक्षरांच्या आउटलाइन्स (म्हणजे अक्षरांचे फॉन्टवर न विसंबणारे आकार) मात्र आठवणीने करा. छापखान्यातल्या संगणकावर फॉन्ट नसला की पुन्हा तीच फाटाफूट.