प्रायव्हेट इक्विटीत सीनियर असोसिएटच्या मुलाखतीची तयारी कशी करावी

प्रायव्हेट इक्विटीत, म्हणजे कंपन्यांत हिस्सा घेऊन काही वर्षांनी तो विकणाऱ्या फंडांत, असोसिएटला मॉडेल (कंपनीचं एक्सेलमधलं आर्थिक गणित) बनवता येतं का, हे बघतात. सीनियर असोसिएटला ते येतंच असं धरून चालतात आणि विचारतात, "तुम्ही यात पैसे घातले असते का?" तरीही बहुतेक जण शेवटच्या रात्रीपर्यंत एक्सेलच घोटत बसतात. हातात तीन-चार आठवडे असतील, तर निम्मा वेळ स्वतःची मतं पक्की करण्यात घालवा. खालचा क्रम मुंबईतल्या फंडांच्या मुलाखती डोळ्यांसमोर ठेवून दिला आहे.

१. आधी स्वतःच्या डील्स

रिझ्युमेवर कितीही डील्स असोत, तीनच निवडा: एक झालेली, एक फिसकटलेली आणि एक तुमच्या मते करायलाच नको होती अशी. प्रत्येकीचं एक पान लिहा. कंपनी पैसा कशातून कमावते, एबिटाच्या (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या नफ्याच्या) किती पटीने घेतली, काय गृहीत धरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि त्यात तुम्ही स्वतः काय केलंत. सगळ्यात जास्त उलटतपासणी या शेवटच्या मुद्द्यावर होते. "आम्ही ड्यू डिलिजन्स (खरेदीआधीची तपासणी) केला" म्हणालात की "आम्ही म्हणजे कोण?" हे आलंच. त्याऐवजी, "गोडाऊन प्रवर्तकाच्या वडिलांच्या नावावर होतं, भाडं बाजारभावाच्या निम्मं, ते पूर्ण धरल्यावर एबिटा दीड कोटीने खाली आला, हे मी शोधलं" असं एक वाक्य दहा स्लाइड्सना भारी पडतं.

चालू डीलचं नाव मात्र तोंडून निघू देऊ नका. "एक मध्यम आकाराची औषध कंपनी" एवढं पुरे. समोरचा खोदून विचारेल. काही वेळा तर तुम्ही बोलता का, हेच त्याला बघायचं असतं.

२. कागदावरचा एलबीओ

एलबीओ म्हणजे कर्ज काढून केलेली कंपनीची खरेदी. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून रोज असं एक गणित सोडवा. समजा एबिटा १०० कोटी, खरेदी ८ पटीने, म्हणजे ८०० कोटी. त्यात कर्ज ३००, भांडवल ५००. पाच वर्षांत एबिटा १५०, विक्री त्याच ८ पटीने १,२०० कोटींना. कर्ज १०० उरलं, म्हणजे भांडवलाचे झाले १,१००. २.२ पट, आयआरआर (वार्षिक परताव्याचा दर) साधारण १७ टक्के. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे १५ टक्के, अडीचपट म्हणजे २०, तिप्पट म्हणजे २५, हे पाठच करून टाका.

उत्तर सांगून थांबू नका. ६०० कोटींच्या फायद्यातले ४०० वाढीतून आले, २०० कर्जफेडीतून, आणि मल्टिपल (एबिटाची पट) वाढल्यामुळे एक रुपयाही नाही, हे न विचारता सांगा. शिवाय आपल्याकडे शेअर खरेदीसाठी कर्ज द्यायला बँकांना वर्षानुवर्षं जवळपास बंदीच होती. रिझर्व्ह बँकेने हे दार किलकिलं करण्याची घोषणा केली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये. त्यामुळे इथल्या बऱ्याच डील्समध्ये कर्ज नाहीच किंवा अगदी थोडं. पैसा वाढीतूनच काढावा लागतो. अमेरिकेतल्या गाइडमधली एबिटाच्या सहापट कर्जाची उदाहरणं इथे ऐकवलीत, तर समोरचा नुसता हसेल.

३. एक जाहीर डील मुळापासून वाचा

माझी शिफारस जे. बी. केमिकल्सची. मुंबईचीच कंपनी, मेट्रोजिल आणि रॅनटॅक या औषधांवाली. जुलै २०२० मध्ये केकेआर या अमेरिकन प्रायव्हेट इक्विटी फर्मने मोदी कुटुंबाकडून ५४ टक्के हिस्सा ७४५ रुपये भावाने घ्यायचं ठरवलं. सेबीच्या नियमाप्रमाणे आणखी २६ टक्क्यांची ओपन ऑफर (बाकीच्या भागधारकांना शेअर विकण्याची जाहीर संधी) आली. जून २०२५ मध्ये टॉरंट फार्माने केकेआरचा हिस्सा १,६०० रुपयांनी घेण्याचा करार केला.

घाईत असलेला उमेदवार म्हणतो, पाच वर्षांत दुपटीपेक्षा थोडं जास्त, ठीकठाक. पण २०२३ मध्ये एका शेअरचे दोन झाले होते. म्हणजे खरी खरेदी ३७२.५० रुपयांची, आणि परतावा ४.३ पट, लाभांश सोडूनही वर्षाला साधारण ३४ टक्के. डॉलरमध्ये पैसे उभारणाऱ्या फंडाला मात्र रुपया ७५ च्या आसपासवरून ८५ च्या पुढे घसरलेला जाणवतोच; तिथे हेच पावणेचार पटीच्या जवळ येतं. मग हा परतावा आला कशातून? नवा सीईओ, स्पोरलॅकसारखे विकत घेतलेले ब्रँड, जुन्या ब्रँडची वाढ, की बाजाराने दिलेलं जास्त मल्टिपल? वार्षिक अहवाल काढून स्वतः विभागणी करा. २०२० मध्ये तुम्ही 'नाही' म्हणाला असतात, तर कशासाठी, हेही लिहून ठेवा.

४. केस स्टडी

एखाद्या कंपनीची माहिती हातात ठेवून दोन-तीन तास किंवा शनिवार-रविवार देतात. मॉडेल अर्ध्या वेळात उरका, कितीही सुंदर करावंसं वाटलं तरी. पहिल्या पानावर निर्णय हवा: घ्यायची की नाही, कोणत्या भावापर्यंत, आणि कोणती एक गोष्ट खोटी ठरली तर माघार घ्यायची. अल्पसंख्य हिस्सा असेल तर बाहेर कसं पडणार? आयपीओ लांबला, प्रवर्तक विकायला तयार नसला, तर हातात ड्रॅग-अलाँगचा (आपल्याबरोबर प्रवर्तकालाही हिस्सा विकायला लावण्याचा) हक्क आहे का? शिवाय तो हक्क प्रवर्तकाशी भांडून वापरणं कितपत जमेल?

५. तुमचे प्रश्न

फंड कितव्या वर्षात आहे, हे नक्की विचारा. दहा वर्षांच्या फंडाच्या आठव्या वर्षी गेलात, तर नवी गुंतवणूक कमी आणि जुन्या कंपन्या विकण्याचं काम जास्त. सीनियर असोसिएटला कॅरीत, म्हणजे फंड चालवणाऱ्यांना मिळणाऱ्या नफ्याच्या हिश्शात, वाटा मिळतो का, कोणत्या फंडातला, आणि मध्येच नोकरी सोडली तर त्याचं काय होतं, हे एचआरला ऑफर आल्यावर विचारा. पार्टनरच्या पहिल्या भेटीत नको.