सोमवारी सकाळी पोट दुखतं? पालकांनो, या चुका टाळा

शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे जूनमध्ये आणि दिवाळीची सुट्टी संपली की येणारे फोन माझ्या ओळखीचे झालेत. शाळेच्या वेळेला पोट दुखतं, उलटीसारखं होतं आणि दहा वाजता पोरगं ठणठणीत. मग पालकांचा निकाल तयारच असतो: नाटकं करतोय!

नाटकं नसतात हो. भीतीनं शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं, आतड्यांचं काम बिघडतं आणि पोटात खरीखुरी कळ येते. शाळा टळली की भीती ओसरते, कळही थांबते. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून मूल खोटारडं ठरत नाही. आधी डॉक्टरांना दाखवाच. वजन उतरत असेल, शौचावाटे रक्त जात असेल किंवा दुखण्यानं रात्री झोपमोड होत असेल, तर आजार शरीरातच शोधायचा. पण रविवारी गप्प असणारं पोट सोमवारी सातला दुखत असेल, तर शाळेत काय चाललंय ते बघा.

सातवीतल्या एका मुलाचं सांगते. वडिलांनी आधी रागावून पाहिलं, मग दोन रट्टे देऊन गाडीवर बसवून नेलं. तो गेटवरूनच पळाला. मग आजी कळवळली, ‘राहू दे चार दिवस घरी.’ त्या चार दिवसांचा दीड महिना झाला. माझ्या मते माराइतकंच नुकसान या सुट्टीनं केलं. भीती वाटणारी गोष्ट टाळली की लगेच बरं वाटतं आणि नेमकं त्यामुळेच पुढच्या वेळी ती आणखी अवघड होऊन बसते.

कॅरम खेळता खेळता तो बोलला. वर्गात उभं राहून इंग्रजीचा धडा वाचताना तो अडखळायचा, मुलं हसायची. बाईंशी बोलून मोठ्यानं वाचणं थांबवलं. सुरुवातीला फक्त शेवटचे दोन तास, मग मधल्या सुट्टीपासून, असं करत त्याला वर्गात आणलं. वडिलांचा रोज एकच प्रश्न, ‘पूर्ण दिवस कधी?’ एका सोमवारी त्यांनी परस्पर प्रार्थनेलाच नेऊन उभं केलं आणि आम्ही पुन्हा गेटपाशी आलो. घाई करणाऱ्या पालकांपुढे मी हात टेकते! पुढे तपासणीत वाचनाची अध्ययन अक्षमता निघाली, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं जड जातं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी तपासणी होते आणि प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात.

समोर बसवून ‘सांग, काय झालंय?’ अशी उलटतपासणी घेऊ नका. मटार सोलताना, स्कूटरवर मागे बसलेलं असताना मुलं जास्त बोलतात. बोलायला लागली की मध्ये उपाय सुचवू नका. आणि त्यांनी सांगितलेलं मावशीला, काकूला, फॅमिली ग्रुपवर पोचवायचं नाही. एकदा पोचलं की पुढचं कधीच कळत नाही.

मोबाइल काढून घेणं हा उपचार नाही. रात्री सगळ्यांचेच फोन हॉलमध्ये, आईबाबांचेसुद्धा, एवढं माझ्या घरी चालतं.

भावंडांशी तुलना नको. बास.

‘जगावंसं वाटत नाही’ असं मूल म्हणालं तर ‘असं बोलू नये’ म्हणून तोंड बंद करू नका. ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट मुलाला बोलायची वाट मिळते. हो म्हणालं तर एकटं सोडू नका, औषधं आणि कीटकनाशकं हाताशी ठेवू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक 24 तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

डॉक्टरांनी औषध दिलंच असेल, तर ‘आता हसतोय’ म्हणून मनानं बंद करू नका. कमी कसं करायचं ते त्यांनाच ठरवू द्या.