दिवाळीचा साबण श्रावणात ओतावा लागतो

दिवाळीच्या प्रदर्शनात हाताने केलेला उटण्याचा साबण मांडायचा असेल, तर तो नारळी पौर्णिमेपर्यंत साच्यात ओतून झालेला असावा. तेलापासून थंड पद्धतीने, म्हणजे मिश्रण न शिजवता, केलेल्या साबणाच्या वड्या कापल्यानंतर त्यांना मुरायला आणि वाळायला चार ते सहा आठवडे लागतात, दिवाळीची प्रदर्शने घटस्थापनेच्या आसपास सुरू होऊ लागतात आणि मधले दहा दिवस गणपतीत जातात. हे सगळे धरून उलटा हिशेब केला की तारीख श्रावणातच येते. याच न्यायाने गुढीपाडव्याला विकायचा वाळ्याचा साबण रथसप्तमीच्या सुमारास करावा लागतो, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायच्या छोट्या वड्या तुळशीचे लग्न लागण्याच्या आत ओतलेल्या बऱ्या. ऋतूनुसार साबण करू इच्छिणाऱ्याने पाककृती शोधण्याआधी भिंतीवरच्या कालनिर्णयावर या खुणा कराव्यात, असे मी नेहमी सांगते, कारण घाईने विकलेली कच्ची वडी गिऱ्हाईक एकदाच घेते.

साबणाचा तयार बेस वितळवून, त्यात रंग आणि सुगंध घालून केलेला साबण दुसऱ्या दिवशी विकता येतो. त्यात कमीपणा काही नाही, मात्र तो तसा आहे हे विचारल्यावर सांगावे. हा लेख तेलापासून साबण करणाऱ्यांसाठी आहे.

पहिल्या घाण्यासाठी, म्हणजे एका वेळी करायच्या साबणासाठी, एक किलो तेलाचे प्रमाण सोयीचे पडते. खोबरेल तेल ३५० ग्रॅम, ऑलिव्ह तेल ३५० ग्रॅम, कोकमाचे मुठेल (कोकमाच्या बियांचे घट्ट तेल) १५० ग्रॅम, तिळाचे तेल १०० ग्रॅम आणि एरंडेल ५० ग्रॅम घ्यावे. खोबरेलाने वडी कडक होते व भरपूर फेस येतो, ऑलिव्हमुळे साबण त्वचेला सौम्य राहतो, एरंडेल फेस टिकवते, आणि कोकणात भेगाळलेल्या टाचांना पिढ्यान्‌पिढ्या लावले जाणारे मुठेल वडीला घट्टपणा देते. एवढ्या तेलाला १४३ ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि २८६ ग्रॅम शुद्ध पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, लागते. प्रत्येक तेलाला सोडा वेगवेगळा लागतो. खोबरेलाच्या एका ग्रॅमला सुमारे ०.१८३ ग्रॅम, तर एरंडेलाच्या एका ग्रॅमला सुमारे ०.१२८ ग्रॅम सोडा खर्ची पडतो. म्हणून यातले एखादे तेल बदलले, तर सोड्याचा आकडा पुन्हा काढावा लागतो. वरच्या प्रमाणात साधारण पाच टक्के तेल साबणात न बदलता शिल्लक राहील असा सोडा मुद्दाम कमी धरलेला आहे, कारण जास्तीचे तेल त्वचेला चालते, जास्तीचा सोडा चालत नाही. सर्व वस्तू, पाणीसुद्धा, एका ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या वजनकाट्यावरच मोजाव्यात. वाटीच्या मापाने साबण करू नये.

कॉस्टिक सोड्याबद्दल जितके सांगावे तितके थोडेच आहे. डोळ्यांवर बंद कडांचा चष्मा, हातांत रबरी मोजे आणि अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे असल्याशिवाय पिशवी उघडू नये, आणि घरात लहान मूल किंवा पाळीव प्राणी असेल तर त्या वेळी खोलीचे दार आतून लावून घ्यावे. सोडा नेहमी पाण्यात थोडा थोडा घालावा, पाणी सोड्यावर कधीही ओतू नये, कारण तसे केल्यास मिश्रण उसळून अंगावर येते. सोडा पडताच पाणी चटका बसण्याइतके तापते व त्याची वाफ घशाला झोंबते. म्हणून हे काम उघड्या खिडकीजवळ करावे. भांडे स्टीलचे किंवा जाड प्लॅस्टिकचे असावे. ॲल्युमिनिअमच्या पातेल्याशी सोड्याची क्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो, तेव्हा घरातले जुने ॲल्युमिनिअमचे पातेले या कामाला मुळीच घेऊ नये. त्वचेवर थेंब उडाला तर तो भाग वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरावा. व्हिनेगर किंवा लिंबू चोळू नये. डोळ्यात गेला तर पाण्याने धूत राहून लगेच डॉक्टर गाठावा.

मुठेल कढत न करता मंद आचेवर वितळवून त्यात बाकीची तेले मिसळावीत. तेल आणि सोड्याचे पाणी दोन्ही ४० ते ४५ अंशांच्या आसपास आले की पाणी गाळणीतून तेलात ओतावे आणि हँड ब्लेंडरने थांबत थांबत घुसळावे. तेल फार गार असेल तर मुठेल पुन्हा गोठू लागते, मिश्रण दाट दिसते आणि साबण धरला असा भास होतो. नंतर साच्यात त्याचे तेल वेगळे सुटते. खरा साबण धरला आहे हे ओळखण्यासाठी चमच्याने थोडे मिश्रण वरून धारेने सोडावे. ती धार पातळ पिठल्यावर उमटावी तशी क्षणभर पृष्ठभागावर दिसत राहिली, की सुगंध आणि भुकट्या घालून लगेच साच्यात ओतावे. साचा बटर पेपर लावलेला लाकडी असो वा सिलिकॉनचा, तो झाकून एक दिवस हलवू नये. नरकचतुर्दशीच्या पहाटे मोती साबणाच्या गोल वडीची सवय असलेल्या घरांत गोल आकार चटकन आपलासा होतो, हा माझा अनुभव आहे. त्यासाठी तीन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा आतून कागद लावून वापरता येतो.

ऋतूचा रंग आणि वास साबणात टिकवणे हा या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे. हळद घातली की मिश्रण डोळ्यांदेखत तांबडे होते. घाबरून जाऊ नये. हळदीला क्षार लागला की ती लाल होते आणि पारंपरिक कुंकू याच गुणावर तयार होते. साबण मुरत जातो तशी ती लाली उतरून केशरी-पिवळा रंग येतो, पण किलोला एक चमच्यापेक्षा जास्त हळद घातल्यास टॉवेल पिवळे होतात आणि तक्रार येते. उटण्यासाठी आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, संत्र्याची वाळवलेली साल आणि मुलतानी माती यांची भुकटी वस्त्रगाळ करून घ्यावी. साध्या चाळणीने चाळलेली भुकटी हातावर मऊ लागली तरी साबणात अंगाला ओरखडते. किलो तेलाला दोन मोठे चमचे भुकटी पुरते आणि ती आधी थोड्या तेलात कालवून घेतली की गुठळ्या होत नाहीत. मोगऱ्याच्या किंवा गुलाबाच्या पाकळ्या आत घालण्याचा मोह आवरावा, कारण सोडा त्यांना काळपट तपकिरी करून टाकतो. वडीच्या वरच्या बाजूला त्या दाबल्या तरी पंधरा दिवसांत चहाच्या चोथ्यासारख्या दिसतात. ताजी पाने किंवा ताज्या कोरफडीचे तुकडे तर आत कुजतात.

सुगंध साधारणपणे तेलाच्या वजनाच्या तीन टक्के, म्हणजे वरच्या घाण्याला ३० ग्रॅम घालतात, पण प्रत्येक सुगंधाची त्वचेसाठी सुरक्षित मर्यादा पुरवठादाराच्या कागदावर दिलेली असते आणि ती कमी असेल तर तीच पाळावी. लवंग आणि दालचिनी त्वचेला झोंबतात, शिवाय मिश्रण इतक्या वेगाने घट्ट करतात की ते साच्यात ओतता येत नाही, चमच्याने भरावे लागते. संत्र्याचा वास लवकर उडतो. वाळ्याचा वास मात्र शेवटच्या चिपेपर्यंत राहतो, म्हणून चैत्रातल्या साबणासाठी वाळा हा माझा सर्वांत विश्वासाचा सोबती आहे. मोगऱ्याचे खरे अर्क-तेल आणि पहिल्या पावसाची आठवण करून देणारे कनौजचे मातीचे अत्तर ही दोन्ही साबणाच्या प्रमाणात परवडणारी नाहीत. या वासांसाठी तयार सुगंधी द्रव्यच वापरावे लागते, आणि मग वेष्टनावर ‘नैसर्गिक मोगरा’ असे लिहू नये.

आता श्रावणातल्या हवेविषयी. साबण तयार होताना तेलातले ग्लिसरीन त्यातच राहते. त्वचेला ते हवेसे असते, पण पावसाळी दिवसांत हवेतली ओल ते ओढून घेते आणि वडीला घाम फुटतो. कॉस्टिक सोडासुद्धा उघड्या पिशवीत ओल धरतो आणि त्याची ताकद कमी होते, म्हणून पावसाळ्यात लहान, घट्ट झाकणाचे डबे विकत घ्यावेत आणि उघडलेला डबा लवकर संपवावा. वड्या कापल्यावर त्या जाळीच्या किंवा बांबूच्या ताटांवर, एकमेकींना न चिकटतील अशा मांडाव्यात, खोलीत पंखा चालू ठेवावा, आणि कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर ओल शोषणारे यंत्र दोन महिन्यांसाठी भाड्याने घेण्याचा खर्च करावा. दर तीन-चार दिवसांनी वड्या उलटाव्यात. सूर्यफूल, करडई यांसारखी तेले पावसाळी घाण्यात टाळलेली बरी, कारण ती लवकर खवट होतात आणि वडीवर नारिंगी ठिपके उमटतात. तिळाचे तेलही मी दहा टक्क्यांवर नेत नाही ते याचसाठी.

माझ्या सुरुवातीच्या एका दिवाळीला मी तीन आठवड्यांच्या वड्यांवर कागदी पट्टी घट्ट गुंडाळून त्या खोक्यात भरल्या होत्या. प्रदर्शनात एका बाईंनी वडी उचलली तेव्हा पट्टी त्यांच्या बोटाने सहज सरकून खाली पडली. वडी आतल्या आत आक्रसली होती. त्यांनी काही न बोलता ती परत ठेवली. तेव्हापासून मी वड्या वाळायला मांडल्याच्या पहिल्या दिवशी एका वडीवर तारीख आणि वजन लिहून ठेवते व दर आठवड्याला ती काट्यावर टाकते. वजन उतरणे जवळजवळ थांबले, की मगच वेष्टन. वरच्या घाण्याच्या १२० ग्रॅमच्या बारा वड्या होतात आणि सहा आठवड्यांनी त्यांचे वजन साधारण १०५ ग्रॅमवर येते, म्हणून वेष्टनावर १०० ग्रॅम लिहिणे सुरक्षित आहे. क्षाराची तीव्रता दाखवणाऱ्या पीएच पट्टीवर फेस साधारण ९ ते १० दाखवतो. आकडा बराच वर असेल तर तो घाणा विकू नये.

विक्रीआधी कायद्याची बाजू पक्की करावी. अंघोळीचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो. विक्रीसाठी तो तयार करायला सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे परवाना लागतो आणि महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. घरच्या स्वयंपाकघराला तो मिळणे अवघड असल्याने पुष्कळ जणी परवानाधारक कारखान्यात आपल्या कृतीने साबण करून घेतात. वेष्टनावर नाव-पत्ता, घटक, घाण्याचा क्रमांक, परवाना क्रमांक, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, वापराची मुदत, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क द्यावा. ‘खरूज जाते’, ‘इसब बरा होतो’ असे काहीही लिहू किंवा बोलू नये. तसा दावा केला की ती वस्तू औषध ठरते.

जत्रा निवडताना गर्दीपेक्षा गिऱ्हाईक पाहावे. पुण्यात डिसेंबरमध्ये भरणारी भीमथडी जत्रा, बचत गटांसाठी मुंबईत भरणारे महालक्ष्मी सरस, आणि गावोगावच्या मंगल कार्यालयांतली दिवाळी प्रदर्शने यांतल्या गिऱ्हाईकांची अपेक्षा सारखी नसते. समजा, एका वडीमागे सामान, वेष्टन आणि मजुरी वजा जाता साठ रुपये हाती राहतात आणि तीन दिवसांच्या जागेचे भाडे सहा हजार आहे. अशा वेळी पहिल्या शंभर वड्या केवळ भाडे फेडतात. दोनशे वड्या घेऊन जाण्याची तयारी नसेल तर टेबल एखाद्या मैत्रिणीबरोबर वाटून घ्यावे. मजुरी हिशेबात न धरणे ही या धंद्यातली सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती विशेषतः आपण बायका करतो.

टेबलावर पाचच प्रकार ठेवावेत, त्यांपैकी दोन त्या ऋतूचे. प्रत्येकाची एक उघडी वडी वासासाठी ठेवावी आणि ती रोज किसणीच्या बारीक बाजूने हलकेच खरवडावी, म्हणजे आतला वास पुन्हा मोकळा होतो. सुगंध एकमेकांत मिसळू नयेत म्हणून वासाच्या वड्या हातभर अंतरावर असाव्यात. शक्य असल्यास पाण्याची छोटी बाटली, वाडगा आणि पंचा ठेवून गिऱ्हाइकाला हात धुऊ द्यावेत, कारण फेसाची खात्री बोलून पटत नाही. विकताना साबण जाळीदार, पाणी निथळणाऱ्या डबीत ठेवायला आवर्जून सांगावे. ग्लिसरीनयुक्त वडी पाण्यात बसली तर आठ दिवसांत विरघळते आणि दोष साबणाला लागतो.

उरलेल्या वड्या प्लॅस्टिकमध्ये न गुंडाळता भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून कोरड्या जागी ठेवाव्यात. दिवाळीच्या प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी टेबलावर एक वही आणि तीस ग्रॅमच्या छोट्या वडीचा नमुना ठेवावा, आणि वाणासाठी पंचवीस किंवा पन्नास नग हवे असणाऱ्यांची नावे, वास आणि आगाऊ रक्कम तिथेच लिहून घ्यावी. त्या वड्यांचे तेल घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मोजायला लागते.