खाऱ्या वाऱ्यातलं क्लॅडिंग

लातूरकडची मंडळी आता दापोली-गुहागरला घरं बांधायलीत. क्लॅडिंग, म्हणजे भिंतीवर बाहेरून बसवायचं आवरण, कोणतं घ्यावं, म्हणून मला विचारतात. आपल्याकडं भिंतीचा वैरी ऊन, तिकडं मीठ.

फायबर सिमेंटचा बोर्ड मला पसंत. लाकूड दिसायला देखणं, पण त्याची उस्तवार कोण करणार? बोर्डाच्या कापलेल्या कडांना सीलर मारा, मागं हवा खेळायला फट सोडा.

खरी मेख स्क्रूत आहे. साधा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी स्क्रू गंजला की भिंतीवर तांबडे ओघळ उतरतात. स्टेनलेस ३१६ ग्रेडचंच घ्या. त्यातला मॉलिब्डेनम धातू मिठाला दाद देत नाही, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसवर डाग पडतात. लोहचुंबकानं दोन्हींतला फरक कळत नाही, म्हणून बिलावर ग्रेड लिहून घ्याच.

छज्जाखालची भिंत पावसानं धुतली जात नाही, मीठ तिथंच साचतं. तिच्यावर अधूनमधून गोड्या पाण्याचा पाइप मारा.