स्टार्चच्या प्लास्टिकला नॅनो क्लेनं ताकद कशी आणायची

सांगलीत प्रोजेक्टचे दिवस आले की बायोप्लास्टिकवाली पोरं हमखास भेटतात, कॉर्न स्टार्च, ग्लिसरीन, पाणी, झाली शीट, आणि ओढली की टर्रकन फाटली. मग कुणीतरी सांगतं नॅनोपार्टिकल टाक, पोरगं चमचाभर टाकतं आणि शीट आणखीच ठिसूळ होते. फिलर (म्हणजे ताकदीसाठी मिसळायची बारीक पूड) जास्त टाकून ताकद येत नाही, तो नीट पसरला तरच येते.

सगळ्यात स्वस्त फिलर म्हणजे बेंटोनाइट ही क्ले, म्हणजे चिकणमाती, इलेक्ट्रिकच्या दुकानात अर्थिंगसाठी मिळतं तेच, फक्त सोडियमवालं बघून घ्या, ते पाण्यात भरपूर फुगतं. त्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे जेमतेम 1 नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे थप्पी लावून बसलेले असतात, ती थप्पी सुटून स्टार्च मध्ये शिरला पाहिजे. महागडी ऑरगॅनिकली मॉडिफाइड क्ले मागवू नका राव, ती पाणी नको असलेल्या प्लास्टिकसाठी असते, स्टार्चशी तिचं जमत नाही.

अर्थिंगच्या मालात वाळू असतेच. म्हणून 100 मिली पाण्यात साधारण 2 ग्रॅम पूड घोळून रात्रभर ठेवा, सकाळी वरचं गढूळ पाणी अलगद ओतून घ्या, तळाची कचकच फेकून द्या. या पाण्यात क्ले किती उरली हे कळायला 10 मिली वाटीत सुकवून वजन करा, हे टाळलंत तर पुढचं सगळं अंदाजपंचे. कोरडी पूड हाताळताना मास्क लावा.

आता 5 ग्रॅम स्टार्चला 0.15 ग्रॅम क्ले, म्हणजे 3 टक्के. 5 टक्क्यांच्या वर गेलात की गुठळ्या होतात आणि शीट तिथूनच तडकते. क्लेचं पाणी धरून एकूण 100 मिली पाणी, त्यात स्टार्च गार असतानाच कालवा, मग ढवळत ढवळत तापवा. 65–75 अंशांच्या आसपास खळ घट्ट व्हायला लागते, तरी थांबू नका, 90 पर्यंत न्या, पांढरट रंग जाऊन काचेसारखी दिसली पाहिजे. ग्लिसरीन 1.5 ग्रॅम, पण शेवटी! आधी टाकलं तर त्याचे छोटे रेणू पापुद्र्यांत आधी घुसून बसतात आणि स्टार्चला जागाच राहत नाही.

बुडबुडे जाऊ द्या, 9 सेंमीच्या पेट्री डिशमध्ये 20 मिली ओता, 45 अंशांवर सावकाश वाळवा, घाई केली की कडा वर वळतात. बिनक्लेची एक शीट सोबत करायचीच, नाहीतर तुलना कशाशी करणार?

टेस्टिंगआधी दोन्ही शीट मॅग्नेशियम नायट्रेटच्या संपृक्त द्रावणावर बंद डब्यात दोन दिवस ठेवा, आत आर्द्रता 53 टक्क्यांच्या आसपास राहते. हे लई महत्त्वाचं, कारण आपल्याकडं कोरड्या एप्रिलात कडकडीत झालेली शीट ओल्या जुलैत लोळागोळा होते आणि पोरं त्या कडकपणाचं श्रेय क्लेला देतात.

क्लेमुळं वाफेला वळसे घेत जावं लागतं, त्यामुळं वाफ आरपार जाणं कमी होतं, पण शीट वॉटरप्रूफ होत नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवाल्याला मल्चिंग पेपर म्हणून दाखवायला नेऊ नका, पहिल्या पावसातच लगदा होईल. कोरड्या मालाच्या पुड्यांवर प्रयोग करा.