वीस मिनिटांच्या शर्यतीसाठी दोन दिवस

जुन्या सिंगल-सीटरच्या शर्यतीत उतरायचं म्हणजे गाडी हाणायची, असं मलाही वाटायचं. आता चौथं वर्ष चालू आहे. अख्ख्या वीकेंडमध्ये ट्रॅकवर जेमतेम पाऊण तास जातो आणि गाडीशेजारी गुडघे टेकून बसण्यात दीड दिवस. हे आधी कुणी सांगितलं असतं तर पहिल्याच वीकेंडला इंजिन उघडायची वेळ आली नसती. किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. तेच जास्त खरं.

माझी गाडी १९६९ची लोटस ६१, पाचरीसारख्या नाकाची फॉर्म्युला फोर्ड. या वर्गाची पहिली शर्यत २ जुलै १९६७ रोजी इंग्लंडात ब्रँड्स हॅचला झाली. रेसिंग शाळांना रोज मार खाऊन टिकणारं, स्वस्त इंजिन हवं होतं. म्हणून कोर्टिना या साध्या घरगुती गाडीचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे बसवलं आणि पुढे बरीच वर्षं फोर्डचं १६०० सीसीचं केंट इंजिनच राहिलं. गाडीला रस्त्यावर दाबून धरणारी विंग नाही, बिनखाचांचे स्लिक टायर नाहीत, ताकद शंभरेक हॉर्सपॉवर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण गाडीचं वजन छोट्या हॅचबॅकच्या निम्म्याहूनही कमी. पुढे फॉर्म्युला वनचा जगज्जेता झालेला एमर्सन फिटिपाल्डी १९६९मध्ये इंग्लंडला आला तो याच वर्गात नशीब काढायला. तसाच दुसरा जगज्जेता आयर्टन सेना, त्याला मोटार शर्यतीतला पहिला विजय मिळाला तोही फॉर्म्युला फोर्डमध्येच, मार्च १९८१मध्ये, ब्रँड्स हॅचला, पावसात.

गाडी घ्यायची घाई करू नका. पहिलं वर्ष भाड्याची चालवा. या गाड्या नवशिक्यांनीच चालवल्या आणि नवशिक्यांनीच ठोकल्या, त्यामुळे पन्नास वर्षांत कुठल्या गाडीची मूळ चासी, म्हणजे सांगाडा, उरली आणि कुठलीची फक्त नंबरची पट्टी, हे कागद बघितल्याशिवाय कळत नाही. ऐतिहासिक फॉर्म्युला फोर्डच्या शर्यतीत १९७२पूर्वीच्याच गाड्या चालतात आणि त्याही त्या काळच्या बनावटीच्या. चकचकीत रंगाला भुलू नका, फाइल मागा.

लायसन्सचं फार अवघड नाही. तब्येतीची खातरजमा, थोडं ड्रायव्हिंग आणि लेखी परीक्षा. मात्र झेंडे पाठ हवेत. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. काळ्यावर नारिंगी गोळा आणि सोबत आपला नंबर दिसला, तर आपल्याच गाडीचं काहीतरी लोंबतंय किंवा गळतंय, मुकाट्याने आत या. नवख्याला गाडीच्या मागे पिवळ्या चौकोनावर काळी फुली लावावी लागते. तिची लाज वाटून घेऊ नका, मागचे त्या फुलीमुळेच जरा अंतर ठेवून वागतात.

आता सीटचं. या गाडीत आपण बसत नाही, आडवे होतो. सीट आपल्या मापाची ओतून घ्यायची असते. कॉकपिटमध्ये मोठी प्लास्टिकची पिशवी ठेवायची, तिच्यात दोन रसायनं एकत्र करून ओतायची आणि झटकन वर बसायचं. फेस फुगायला लागतो, गरम होतो आणि पाठीच्या प्रत्येक खाचेत शिरतो. तेवढा वेळ हात स्टीअरिंगवर, पाय पेडलवर आणि श्वास सुद्धा जपून. मी मध्येच हसलो, त्यामुळे माझ्या पहिल्या सीटला उजव्या बरगडीशी एक उंचवटा राहिला. तो उंचवटा मला वर्षभर टोचत होता. हे काम शर्यतीच्या आदल्या रात्री करू नका. आणि बूट पातळ तळाचे, अरुंद घ्या. तीन पेडल इतके खेटून असतात की जाड बुटानं ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदमच दाबले जातात.

शुक्रवारी संध्याकाळी पाना घेऊन गाडीभोवती फिरायचं. मी नाकापासून सुरू करतो आणि घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, म्हणजे काही सुटत नाही. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची रेघ ओढलेली असते, अर्धी नटावर आणि अर्धी पट्टीवर. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. रोझ जॉइंट, म्हणजे दांड्यांच्या टोकाचे गोल फिरणारे सांधे, हातानं हलवून बघायचे, गिअरचा दांडा मागेपर्यंत चाचपायचा. माझ्या गाडीला अल्टरनेटर नाही, सगळं बॅटरीवर चालतं. त्यामुळे ट्रॅकवरून परत आलं की दर वेळी चार्जर लावायचा. हे विसरून सुरुवातीच्या रांगेत ढकलत न्यावी लागलेली गाडी मी पाहिली आहे. माझीच होती.

शनिवारी सकाळी तपासनीस येतात. हेल्मेट, सूट, पट्टे, विझवण्याचा सिलिंडर, मागचा लाल दिवा आणि मेन स्विच सगळं बघतात. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांनी शेकडो गाड्या पाहिलेल्या असतात आणि तुमच्या ब्रेकच्या पायपाची घासलेली जागा त्यांना दहा फुटांवरून दिसते.

मग पात्रता फेरी. निदान तीन लॅप पूर्ण केल्याशिवाय शर्यतीत घेत नाहीत, म्हणून पहिले तीन जपून मारा. ब्रँड्स हॅचचा छोटा ट्रॅक दोन किलोमीटरच्या आतच आहे, त्यामुळे तीन लॅप बघता बघता होतात. सरळ रस्त्याच्या शेवटी पॅडॉक हिल बेंड हे उजवं वळण. वळायला सुरुवात करता तेव्हा पुढचा रस्ता दिसतच नाही, मग पोटात गोळा येतो आणि गाडी खाली कोसळते. लगेच चढ, आणि चढाच्या माथ्यावर ड्रुइड्स, अगदी तीव्र वळण, दुसरा गिअर.

त्या पहिल्या वीकेंडला माझं घोडं ड्रुइड्सलाच पेंड खायला बसलं. चढामुळे गाडी आपोआप मंदावते, म्हणून ब्रेक आणखी उशिरा मारायचा मोह होतो. पाचव्या लॅपला मी तो केला. ब्रेक उशिरा लागला आणि वेग उतरायच्या आतच हातानं सवयीनं दुसरा गिअर टाकला, क्लच सोडला. मागची चाकं क्षणभर कुरकुरली, इंजिन किंचाळलं, गाडी थोडी आडवी झाली आणि सरळही झाली. मी स्वतःवर खूश होऊन आणखी दोन लॅप मारले.

पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारात, आलो. शेजारच्या तंबूतले एक म्हातारे गृहस्थ चहा घेऊन आले. लॅप टाइम विचारला नाही, सरळ कॉकपिटमध्ये वाकून रेव्ह काउंटर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारं घड्याळ, बघितला. त्यावर दोन काटे असतात. एक इंजिनाबरोबर हलतो, दुसरा जिथपर्यंत ढकलला गेला तिथेच थांबतो, बटण दाबून परत आणेपर्यंत. माझी मर्यादा ६५००. दुसरा काटा ७४००च्या पुढे उभा होता.

‘लिमिटर आहे की,’ मी म्हणालो. म्हणजे इंजिनाला मर्यादेपुढे फिरू न देणारं यंत्र.

‘तो इंजिनाला थांबवतो रे. इथे चाकांनी इंजिनाला फिरवलंय.’

माझ्या काळजात धस्स झालं. वरचं झाकण काढलं आणि आठही व्हॉल्व्हची फट मोजली. तिसऱ्या सिलिंडरच्या एका व्हॉल्व्हची फट बाकीच्यांपेक्षा चांगलीच जास्त निघाली. त्यांच्या गेजवर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, घेतलं, तिसरा सिलिंडर पडलेला. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकून वाकला होता आणि नीट बसत नव्हता. रविवारची शर्यत मी कुंपणाला टेकून पाहिली.

ते वाया गेलं नाही. क्लिअरवेज या शेवटच्या वळणाच्या बाहेर उभं राहिलं की वेगवान माणसं कान देऊन ओळखता येतात. त्यांचा ब्रेक लवकर लागतो, मग एक छोटा ‘भ्रूम्’, मग गिअर. उजव्या पायाचा पुढचा भाग ब्रेकवर आणि कड ॲक्सिलरेटरवर: इंजिनाचा वेग आधी वाढवायचा, मग गिअर, मग क्लच सोडायचा. माझा ‘भ्रूम्’ क्लच सोडल्यावर यायचा. दूध उतू गेल्यावर गॅस बंद करण्यातला प्रकार. हे मी नंतर उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून, रात्रीच्या रात्री घोटलं.

शर्यतीबद्दल दोनच गोष्टी सांगतो, बाकीचं ट्रॅक शिकवतो. विंग नसल्यामुळे वळणातही पुढच्या गाडीला चिकटून राहता येतं आणि सरळ रस्त्यावर तिनं कापलेल्या हवेत मागची ओढली जाते, म्हणून पाच-सहा गाड्या झुंडीनं धावतात आणि नंबर सतत बदलत राहतो. मागे पडलात तर घाबरू नका, पुढच्या सरळ रस्त्यावर परत भेट होते. दुसरं, चाकं उघडी आहेत. आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये अडकलं आणि तो वळला, तर चाक चाकावर चढतं आणि गाडी उडते. वळणाआधी पुरेसं पुढे नसाल तर सोडून द्या. पहिल्या लॅपला तर नक्कीच, तेव्हा टायर थंड असतात आणि सगळ्यांचीच डोकी गरम.

इंजिन दुरुस्त होऊन आलं त्यानंतरचा वीकेंडही ब्रँड्स हॅचलाच होता. पात्रता फेरीत मी ड्रुइड्सला इतका लवकर ब्रेक मारत होतो की एकानं बाहेरून येऊन ओव्हरटेक केलं. रविवारी वीस मिनिटांची शर्यत पूर्ण झाली. चेकर्ड झेंड्यानंतर गाडी आत आणली, पट्टे सोडले, हेल्मेट काढायच्या आधी वाकून बघितलं. दुसरा काटा ६३००वर. म्हातारबुवा लांबूनच खुणेनं विचारत होते. मी सहा बोटं दाखवली, मग तीन. निकालाच्या कागदावर माझा नंबर चौदावा होता, तो त्यांनी विचारला नाही.