लाकूड शिकायचंय? आधी ओल मोजायला शिका

देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत लाकूड विज्ञानाची एमएस्सी होते, बेंगळुरूला काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे, वनशास्त्राची पदवी आपल्या दापोलीतही मिळते, हे तुम्ही एव्हाना शोधलंच असेल. प्रवेशाच्या खटपटीत मी शिरत नाही. मला बोलायचंय ते ओलीबद्दल, कारण पहिल्या वर्षी माझी झोप तिनेच उडवली होती.

ओल टक्क्यांत सांगतात. पण कशाचे टक्के? समजा, ओला तुकडा १५० ग्रॅम भरला. ओव्हनमध्ये १०३ अंश सेल्सिअसला ठेवला आणि वजन उतरायचं थांबलं तेव्हा १०० ग्रॅम राहिला. पाणी गेलं ५० ग्रॅम. इमारती लाकडात या पाण्याला कोरड्या वजनाने भागतात, म्हणजे ओल ५० टक्के. जळाऊ लाकूड आणि लगद्याच्या धंद्यात बहुधा ओल्या वजनाने भागतात, तिथे हीच ओल ३३ टक्के. तुकडा तोच, पाणी तेवढंच! ताज्या तोडलेल्या लाकडाची ओल १०० च्या वर गेलेली पुस्तकात दिसली तर घाबरू नका, कोरड्या वजनावर ते शक्य असतं. मात्र कोणाचाही आकडा हाती आला की आधी विचारा, भागलंय कशाने? उत्तर मिळेपर्यंत तो वहीत उतरवू नका.

एवढं ताणून सांगतोय, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. ओल कोरड्या वजनावर साधारण ३० टक्क्यांवर उतरेपर्यंत पेशींच्या पोकळीतलं पाणी जातं आणि लाकूड फारसं आक्रसत नाही. त्याखाली पेशीभित्तीतलं पाणी निघू लागतं, मग फळी आक्रसते. वलयांना धरून ती जितकी आक्रसते, त्याच्या साधारण निम्मीच गाभ्याकडून सालीच्या दिशेने. फळी रुंदीत पन्हाळीसारखी वाकते ती या फरकामुळे. आता ३३ वाचून तुम्ही समजलात की ही आक्रसायच्या बेतात आहे आणि प्रत्यक्षात ती ५० वर असली, तर वाळवणीचं सगळं वेळापत्रक चुकलं.

ओल मोजायचं दोन पिनांचं मीटर टोचून मोकळं होणं मला पटत नाही. लाकडाच्या जातीप्रमाणे आणि तापमानाप्रमाणे त्याचा आकडा दुरुस्त करावा लागतो आणि ३० च्या वर त्याचा भरवसा नाही. आधी ओव्हन आणि तराजू शिका, मीटर नंतर. नमुना फळीच्या टोकाचा घेऊ नका, टोक आधी वाळतं.

नोकरीची काळजी मी समजू शकतो. पण काम फक्त प्लायवूड आणि फर्निचरमध्ये नाही. चाकणहून परदेशी जाणारे यंत्रांचे सुटे भाग लाकडी खोक्यांतून आणि पॅलेटवरून जातात. त्या लाकडाचा गाभासुद्धा ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवून 'एचटी' (हीट ट्रीटेड) शिक्का मारावा लागतो. हा शिक्का किडीसाठी आहे, वाळवणीसाठी नाही. शिक्का असलेलं पॅलेट ओलं असू शकतं आणि त्याला बुरशीही धरते. हे समजावून सांगू शकणाऱ्या माणसाला कारखान्यात किंमत आहे.

मार्गदर्शक शोधताना नुसत्या पदव्या पाहू नका. सोपं उत्तर देऊन वाटेला लावणाऱ्यापेक्षा 'पुन्हा कापून बघ' म्हणणारा धरा. आणि पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला जा. सागाच्या तुकड्याचं आडवं टोक धारदार ब्लेडने गुळगुळीत कापा, थुंकी लावून ओलं करा आणि दहापट भिंगातून पाहा: वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ दिसेल, पुढे ती बारीक होत जातील. मग आंबा घ्या, तिथे छिद्रं सगळीकडे विखुरलेली. पहिल्या सहामाहीत सगळी लाकडं सारखीच वाटतात, ते वाटणं जातं. वखारवाले कापलेले तुकडे देतात, फक्त ट्रक उतरत असताना मागायला जाऊ नका.